हेमिस : हिमबिबट्याच्या शीत वाळवंटात

लडाखमधील हेमिस हे क्षेत्रफळाने देशातील सर्वांत मोठे राष्ट्रीय उद्यान आहे. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या या उद्यानाचा विस्तार आज सुमारे ४,४०० चौरस किलोमीटर आहे. मोसमी ढग हिमालयाच्या दक्षिण उतारावरच रिते होत असल्याने येथे पाऊस नाममात्र पडतो. दाट अरण्याच्या अपेक्षेने येणाऱ्यास उघडे डोंगरच दिसतात.

मुख्य आकर्षण अर्थातच हिमबिबट्याचे. हिवाळ्यात भरल ही रानमेंढी चाऱ्यासाठी खालच्या दऱ्यांत उतरते आणि तिच्या मागावर हिमबिबट्याही येतो. त्यामुळे पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत घसरत असतानाही जानेवारी ते मार्च हाच काळ त्याच्या दर्शनासाठी उत्तम मानला जातो. करड्या खडकांत तो असा मिसळून जातो, की दुर्बिणीतूनही चटकन ओळखू येत नाही. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या गणनेनुसार देशातील ७१८ हिमबिबट्यांपैकी ४७७ एकट्या लडाखमध्ये आहेत.

उद्यानात रुंबकसारखी गावेही आहेत. हिमबिबट्या गोठ्यात शिरला, तर एका रात्रीत अनेक मेंढ्या मारतो. पूर्वी संतप्त मेंढपाळ त्याचा जीव घेत. गोठ्यांवर तारेची जाळी बसवण्यात आली आणि घरोघरी पर्यटकांच्या निवासाची सोय झाली, तेव्हा हाच शत्रू उत्पन्नाचे साधन ठरला.

लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. विमानाने येणाऱ्यांनी तेथे किमान दोन दिवस विश्रांती घेऊनच पुढे निघावे.