क्रियापद सावरा, इंग्रजी सावरेल!

आपला मुलगा किंवा मुलगी तळोजा एमआयडीसीत मुलाखतीला जाते. काम हाताला येत असते. पण साहेबांनी इंग्रजीत विचारले, "याआधी काय करत होता?" की जीभ अडखळते. शब्द आठवतात, क्रियापदाचे रूप मात्र सापडत नाही. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी पनवेलजवळच्या नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. अशा ठिकाणी नोकरी मागायला जाणाऱ्यांना तर बोलता आलेच पाहिजे. तेव्हा पालकहो, आज रात्री जेवणे झाली की मुलांना घेऊन बसा आणि एवढे काळ पक्के करून घ्या.

वाक्य बनवण्याआधी स्वतःला विचारा : हे काम कधीचे?

रोजचे काम असेल तर क्रियापद साधे ठेवा. मी पनवेलला राहतो : आय लिव्ह इन पनवेल. मराठीत तो जातो, ती जाते असा फरक होतो. इंग्रजीत दोघांनाही 'गोज' हेच रूप. तो, ती किंवा एकच माणूस असेल तर क्रियापदाला शेवटी 'एस' किंवा 'ईएस' लागतो, हे विसरू नये. आई काम करते : मदर वर्क्स.

काम आत्ता चालू असेल तर 'ॲम, इज, आर' आणि पुढे 'आयएनजी'. मी जेवत आहे : आय ॲम ईटिंग. पण मराठीत 'आहे' दिसला की 'ॲम' लावायचाच, असे नाही. मला माहीत आहे याचे इंग्रजी 'आय नो' एवढेच.

काम होऊन गेले आणि वेळही सांगितली, तर भूतकाळ. पनवेल २०१६ साली महानगरपालिका झाली : पनवेल बिकेम अ म्युनिसिपल कॉर्पोरेशन इन २०१६. नकार देताना 'डिड नॉट' आले की पुढचे क्रियापद मूळ रूपात येते. मी काल गेलो नाही : आय डिड नॉट गो यस्टरडे. येथे 'वेंट' म्हणू नये. भूतकाळ 'डिड'ने दाखवलाच आहे.

उद्याचे काम असेल तर 'विल'. मराठीत आपण 'उद्या येतो' म्हणतो. त्यावर जाऊन 'आय कम टुमॉरो' म्हणू नका. आय विल कम टुमॉरो.

आता मुलाखतीत नेमके घात करणारे रूप पाहा. "आय वर्क्ड देअर फॉर टू इयर्स" म्हणजे तेथे दोन वर्षे काम केले, आता ती नोकरी नाही. "आय हॅव वर्क्ड हिअर फॉर टू इयर्स" म्हणजे दोन वर्षे झाली, अजून येथेच आहे. एक 'हॅव' गळला तर नोकरीवर असलेला माणूस ऐकणाऱ्याला बेकार वाटतो!

सरावाला क्लासची फी लागत नाही. आईने मराठीत रोज पाच वाक्ये सांगावीत, मुलांनी ती इंग्रजीत करावीत. आईला इंग्रजी येत नसले तरी चालेल. 'हे रोजचे, आत्ताचे, कालचे की उद्याचे?' एवढे तिने विचारले तरी पुरे. उत्तरे वहीत लिहून दुसऱ्या दिवशी शाळेत बाईंना दाखवावीत. ही रीत जुनीच आहे. रामजी सुभेदारांनी बाबासाहेबांकडून तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचा अभ्यास घरीच करून घेतला होता.

महाराष्ट्रात मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. पुस्तक घरात आलेलेच आहे. ते रोज उघडले जाते की नाही, हे पाहणे आपल्या हाती आहे.