गुटेनबर्ग एडिटर: गैरसमज आणि वस्तुस्थिती

मजकूर ‘ब्लॉक’ नावाच्या सुट्या तुकड्यांत मांडणारा वर्डप्रेसचा गुटेनबर्ग एडिटर जून २०१७ मध्ये प्लगइनच्या रूपात चाचणीसाठी खुला झाला आणि ६ डिसेंबर २०१८ रोजी ५.० या आवृत्तीबरोबर मूळ प्रणालीत दाखल झाला. त्याआधी, ऑगस्ट २०१८ मधल्या ४.९.८ या आवृत्तीने संकेतस्थळचालकांच्या डॅशबोर्डवरच तो करून पाहण्याचे आमंत्रण झळकवले होते. अनेकांची त्याच्याशी पहिली गाठ अशी अर्धवट अवस्थेत पडली. त्या काळातले काही समज अजून टिकून आहेत.

नव्या एडिटरमध्ये उघडताच जुन्या पोस्टची मोडतोड होते, हा त्यांपैकी एक. प्रत्यक्षात जुना मजकूर ‘क्लासिक’ नावाच्या एकाच ब्लॉकमध्ये अखंड उघडतो. त्याचे परिच्छेद, शीर्षके, चित्रे अशा वेगवेगळ्या ब्लॉकमध्ये रूपांतर करायचे, तर तशी आज्ञा वापरणाऱ्यालाच द्यावी लागते.

प्लगइन काढून टाकले की त्यात लिहिलेले सगळे नाहीसे होईल, ही भीती याहून खोलवर रुजलेली आहे. ती निम्मीच खरी आहे. ब्लॉकमधला मजकूर डेटाबेसमध्ये पूर्वीच्याच जागी, साध्या एचटीएमएलमध्ये साठवला जातो. ब्लॉक कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, याच्या खुणा एचटीएमएल टिप्पण्यांच्या रूपात असतात आणि ब्राउझर टिप्पण्या वाचकाला दाखवत नाही. म्हणून एडिटर गेला तरी परिच्छेद आणि चित्रे राहतात. ‘ताज्या पोस्ट’सारखे ब्लॉक मात्र वेगळे. त्यांची सामग्री पान उघडताना तयार होते. डेटाबेसमध्ये असते ती फक्त खूण. ती ओळखणारा कोड गेला की त्या जागी काहीच दिसत नाही. धोका लेखापेक्षा अशा ब्लॉकना जास्त आहे.

‘नुसते बघायला काय जाते’ म्हणून चालू संकेतस्थळावरच प्रयोग करायला हरकत नाही, हा समज सर्वांत महागात पडू शकतो. जुन्या एडिटरच्या टूलबारला स्वतःची बटणे जोडणाऱ्या प्लगइनना नव्या एडिटरमध्ये त्यासाठी जागा मिळेलच असे नाही. ब्लॉकचे एचटीएमएल हाताने बदलले आणि ते अपेक्षित साच्यात बसले नाही, तर एडिटर त्यातील मजकूर अवैध ठरवून दुरुस्तीचा पर्याय पुढे करतो. फाइल्स आणि डेटाबेस या दोन्हींचा बॅकअप घेऊन वेगळ्या प्रतीवर चाचणी केली, तर यातले काही वाचकापर्यंत पोहोचत नाही. आता तर वर्डप्रेस प्लेग्राउंडमुळे काहीही स्थापित न करता थेट ब्राउझरमध्येही प्रयोग करता येतो.

चाचणी हे प्रोग्रॅमरचे काम, असेही मानले जाते. परंतु काही दोष वापरणाऱ्यालाच जाणवतात. २०१८ मध्ये स्क्रीन रीडरवर विसंबणाऱ्यांच्या अडचणींवरून मोठा वाद झाला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वर्डप्रेसच्या सुलभता गटाच्या प्रमुखांनी पद सोडले. मराठी लेखकाची अडचण आणखी निराळी. ब्लॉकची यादी झटपट उघडण्यासाठी तिरकी रेघ टाइप करावी लागते. इन्स्क्रिप्ट कळफलकावर त्याच कळीने ‘य’ उमटतो. त्यामुळे एक तर कळफलक बदलावा लागतो, नाही तर अधिक चिन्हाच्या बटणाकडे वळावे लागते. दोष किरकोळ खरा, पण इंग्रजीत टाइप करणाऱ्याला तो कधीच दिसणार नाही.

५.० आवृत्तीनंतर विकास थांबला, हेही खरे नाही. संपूर्ण संकेतस्थळाची मांडणी ब्लॉकमधून करण्याची सोय जानेवारी २०२२ मध्ये ५.९ या आवृत्तीत आली. जुना एडिटर कायमचा गेला असेही नाही: ‘क्लासिक एडिटर’ प्लगइनला सुरुवातीला २०२१ अखेरपर्यंतच आधार देण्याचे जाहीर झाले होते, तो पुढेही चालू राहिला. गुटेनबर्गचे स्वतंत्र प्लगइनही सुरू आहे आणि त्याची नवी आवृत्ती साधारण दर दोन आठवड्यांनी निघते. मूळ वर्डप्रेसमध्ये येणाऱ्या सोयी आधी तिथे दिसतात, तिथल्या चुकांसकट.