संघ विकत घेतला म्हणजे नेमके काय घेतले?

शहादा-नवापूरकडच्या कबड्डी स्पर्धेत संघाला जर्सी आणि गाडीखर्च देणारा गृहस्थ स्वतःला मालक म्हणवत नाही. फलकावर ‘सौजन्य’ म्हणून नाव झळकले की तो खूश. अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधली मालकी निराळी. आइस हॉकी असो की बास्केटबॉल, तिथे आधी लीगमधली जागा विकत घ्यावी लागते. बास्केटबॉलच्या एनबीएत अशा जागा फक्त 30.

त्यातली एक मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिवे यांच्याकडे आहे. जुहूत वाढलेले रणदिवे एमआयटीत शिकले. शेअर बाजारातले भाव क्षणात पडद्यावर आणणारे सॉफ्टवेअर त्यांच्या कंपनीने केले. 1994 मध्ये रॉयटर्सने ती 12.5 कोटी डॉलरला घेतली. पुढे त्यांची टिब्को ही दुसरी कंपनी आली. बास्केटबॉल ते स्वतः कधी खेळले नव्हते, तरी मुलीच्या शाळकरी वयाच्या संघाचे प्रशिक्षक झाले आणि प्रतिस्पर्ध्याला मैदानभर अडवत राहायची युक्ती त्यांनी मुलींकडून गिरवून घेतली.

2010 मध्ये त्यांनी एनबीएतल्या गोल्डन स्टेट वॉरियर्समध्ये वाटा घेतला. अनेकांची सुरुवात अशी लहान वाट्याने होते.

2013 मध्ये एनबीएतल्याच सॅक्रामेंटो किंग्जचे मालक मलूफ कुटुंब संघ सिएटलच्या गटाला विकायला निघाले होते. पण सौदा ठरला म्हणून संघ हलत नाही, त्याला लीगमधल्या मालकांची संमती लागते. त्यांनी 22 विरुद्ध 8 मतांनी स्थलांतर नाकारले. मग रणदिवे यांच्या गटाने 65 टक्के वाटा घेतला. संपूर्ण संघाची किंमत धरली होती 53.4 कोटी डॉलर. एका माणसाला दोन संघांत पाय ठेवता येत नाही, म्हणून वॉरियर्समधला वाटा त्यांना सोडावा लागला.

लीगची अट होती नव्या स्टेडियमची. साधारण 25.5 कोटी डॉलर सॅक्रामेंटो शहराच्या तिजोरीतून आले, आणि हे मला खटकतेच: जोखीम शहराची, किल्ल्या मालकाकडे. 2016 मध्ये उघडलेल्या या स्टेडियमचे नुसते नाव एका पतसंस्थेने 20 वर्षांसाठी 12 कोटी डॉलरला घेतले. राष्ट्रीय प्रक्षेपणाचा पैसा सगळ्या संघांत सारखा वाटला जातो. त्यामुळे हरणाऱ्या संघाचीही किंमत चढत राहते.

आणि किंग्ज हरत होते. डिसेंबर 2014 मध्ये प्रशिक्षक माइक मलोन यांना काढले, तेव्हा मुख्य खेळाडू कझिन्स मेंदूज्वराने बाहेर होता, उतावळेपणाच तो. 2018 च्या नवख्या खेळाडूंच्या निवडीत दुसरा क्रमांक हाती असूनही पुढे चमकलेल्या लुका डॉन्चिचला सोडून मार्विन बॅग्लीला घेतले. नवखे खेळाडू निवडताना तळाच्या संघांना आधी संधी देण्याची पद्धत आहे ती दुबळ्यांना वर काढण्यासाठी, पण निवड करणारा चुकला तर तिचा काय उपयोग?

सलग 16 हंगाम हुकलेली बाद फेरी 2023 मध्ये प्रशिक्षक माइक ब्राउन यांनी मिळवून दिली. डिसेंबर 2024 मध्ये त्यांनाही निरोप मिळाला.