आधी नाव, मग सर्व्हर

सोलापुरातल्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला एक टॉवेलचा कारखाना. मागांच्या खडखडाटाला पाठ करून ऑफिसातून आत गेलं की काचेच्या दाराची एक लहान खोली लागते. एसी अखंड सुरू. रॅकमध्ये सर्व्हर तीनच, पण त्यांच्या आत व्हर्च्युअल मशिन चालतात त्याच्या कितीतरी जास्त: टॅली, ईआरपी, हजेरीची बायोमेट्रिक नोंद, निर्यातीच्या कागदपत्रांचा फाइल सर्व्हर. आजवर प्रत्येक सर्व्हरवर वेगळं लॉगिन करावं लागे. कुठलं मशिन कुठे चालतंय, हे एकाच माणसाच्या डोक्यात होतं आणि तो माणूस पुण्याला नोकरीला गेला. म्हणून आज तिन्ही सर्व्हर एका पडद्यावर आणणारं व्हीसेंटर बसवायला एक इंजिनिअर आला आहे.

व्हीसेंटर बनवणारी व्हीएमवेअर कंपनी १९९८ची. सगळे सर्व्हर एका ठिकाणाहून हाताळायचं तिचं सॉफ्टवेअर २००३मध्ये आलं. पुढची कित्येक वर्षं त्यासाठी आधी विंडोज सर्व्हर उभा करावा लागे, मग त्यावर डेटाबेस, मग हे सॉफ्टवेअर. २०११मध्ये कंपनीने लिनक्ससकट तयार बांधलेलं व्हर्च्युअल मशिन द्यायला सुरुवात केली, तेच अप्लायन्स. २०२०च्या सातव्या आवृत्तीपासून विंडोजवरचा पर्याय बंदच झाला. सगळं आयतं बांधून मिळतं म्हटल्यावर काम सोपं वाटतं. ‘तासाभरात होतंय की नाही ओ सर?’ असं अकाउंट्सच्या साहेबांनी सकाळीच विचारलं होतं. इंजिनिअर फक्त म्हणाला, ‘बघू या साहेब, आधी डीएनएस बघतो.’

त्याने इन्स्टॉलर उघडलाच नाही. व्हीसेंटरसाठी ठरवलेलं पूर्ण नाव त्याने ऑफिसच्या डीएनएसमध्ये घातलं आणि त्यासमोर आयपी पत्ता लिहिला. मग उलटी नोंद, म्हणजे पत्ता विचारला की नाव सांगणारी. तिच्यासाठी लागणारा रिव्हर्स झोन या ऑफिसात कोणी कधी बनवलाच नव्हता. तो बनवून त्याने काळ्या खिडकीत एनएसलुकअप चालवलं, आधी नाव देऊन, मग पत्ता देऊन. दोन्ही उत्तरं एकमेकांशी जुळल्यावरच तो खुर्चीत मागे रेलला.

या कामातली खरी मेहनत इथे आहे, आणि नेमकी हीच कुणाला दिसत नाही. अप्लायन्स आपली सगळी प्रमाणपत्रं याच नावावर तयार करतं. नाव घाईत ठेवलं किंवा उलटी नोंद राहिली, तर बसवण्याच्या दोन टप्प्यांपैकी पहिला सुरळीत पार पडतो आणि दुसऱ्या टप्प्यात गाडी अडते. तेव्हा अर्धवट मशिन पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

मग घड्याळं. तीनपैकी सर्वांत जुन्या सर्व्हरच्या मदरबोर्डवरचा सेल संपला होता. मागच्या वेळी वीज गेली आणि यूपीएसही उतरला, तेव्हापासून तो सर्व्हर काही वर्षं मागच्या तारखेत वावरत होता. त्याच्यावर अप्लायन्स बसवलं असतं, तर आज दिलेलं प्रमाणपत्र त्याच्या हिशेबाने अजून सुरूच झालेलं नसतं आणि लॉगिन नाकारलं गेलं असतं. सेल बदलला, तिन्ही सर्व्हरना वेळ सांगणारा एकच एनटीपी सर्व्हर दिला. तारखा जुळल्या.

त्यानंतरचं काम मात्र भराभर झालं. आयएसओ फाइल लॅपटॉपवर माउंट केली, आत गेलं की इन्स्टॉलर. आकार विचारला जातो, तिथे ‘टायनी’ पुरतो: दहा सर्व्हर आणि शंभर व्हर्च्युअल मशिनपर्यंत. नाव टायनी असलं तरी आठव्या आवृत्तीत त्याला १४ जीबी रॅम आणि ५७९ जीबी डिस्क लागते, म्हणून ‘थिन डिस्क’वर टिक करायची, मग जागा लागेल तशीच वापरली जाते. निळी पट्टी ८० टक्क्यांवर जाऊन बराच वेळ तिथेच थांबते. नवखा माणूस इथे घाबरून रद्द करतो. आत पॅकेजेस बसत असतात, चहा घेऊन यावं.

दुसऱ्या टप्प्यात एसएसओ, म्हणजे एकाच लॉगिनसाठीचं, डोमेन विचारतात. ऑफिसच्या डोमेनचंच नाव इथे द्यायचा मोह होतो, पण तो टाळलेला बरा. पुढे दोन्ही जोडताना गोंधळ होतो. इंजिनिअरने ‘व्हीस्फिअर डॉट लोकल’ तसंच ठेवलं.

दुपारी पडद्यावर तिन्ही सर्व्हर एकाखाली एक दिसले. अकाउंट्सचे साहेब आत आले, बघून खूश झाले, मग हळूच म्हणाले, ‘पण हे बंद पडलं तर सगळंच बंद की ओ?’ प्रश्न रास्त होता. इंजिनिअरने तोंडी उत्तर न देता व्हीसेंटरचं मशिन त्यांच्यासमोरच बंद केलं. टॅलीत बिल निघत राहिलं, बाहेर दुसऱ्या पाळीचे कामगार अंगठा लावत राहिले. व्हीसेंटर बघतं आणि हलवतं; मशिन चालवण्याचं काम त्या त्या सर्व्हरचंच. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की मालकांची निम्मी काळजी मिटते, आणि असं दाखवायला वेळ काढणारे इंजिनिअर फार थोडे.

मशिन पुन्हा सुरू करून तो ५४८० पोर्टच्या पानावर गेला. तिथे रोज रात्रीचा बॅकअप लावला, दुसऱ्या इमारतीतल्या स्टोरेजवर. त्याच पानावर रूटच्या पासवर्डची मुदतही दिसते. मुळात ती ९० दिवसांची असते. बसवून देणारा निघून जातो, मुदत उलटते आणि गरजेच्या दिवशी दार उघडत नाही, असं कित्येक ठिकाणी होतं. त्याने ती तारीख साहेबांच्या कॅलेंडरमध्ये टाकायला लावली.

लायसन्सचा विषय शेवटी निघाला. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३मध्ये व्हीएमवेअर विकत घेतली आणि महिन्याभरातच एकदा पैसे भरून कायमचं मिळणारं लायसन्स विकणं थांबवलं. तीन सर्व्हरच्या कारखान्याला दरवर्षीचं सबस्क्रिप्शन जड जातं, म्हणून व्हिएन्नातल्या कंपनीचं प्रॉक्समॉक्स हे मुक्त सॉफ्टवेअर वापरून बघावं का, अशी चर्चा झाली. साहेबांनी वहीत ते नाव लिहून घेतलं. इंजिनिअरने त्याच वहीच्या पुढच्या पानावर सर्व्हरची नावं, पत्ते आणि बॅकअपची जागा लिहिली, आणि पहिला बॅकअप हाताने सुरू करून तो पूर्ण होईपर्यंत तिथेच थांबला.