जिथे रेडिओ मुका होतो

घरात जुना ट्रान्झिस्टर असेल तर एक गंमत करून पाहा. मीडियम वेव्हवर काटा अशा जागी आणा, की जिथे कोणतेच केंद्र लागत नाही. आता तो चालू एल.ई.डी. दिव्याजवळ किंवा मोबाइलच्या चार्जरजवळ न्या. पुष्कळदा खरखर वाढते आणि दूर नेला की विरते. या उपकरणांच्या पोटात वीजप्रवाह सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत असतो. प्रवाह असा झपाट्याने बदलू लागला, की विद्युत्चुंबकीय लहरी बाहेर पडतातच.

१९७७ साली अमेरिकेत टी.आर.एस.-८० नावाचा घरगुती संगणक विक्रीला आला. त्याच्याशेजारी रेडिओ ठेवला, की संगणकाचे काम चक्क ऐकू येई. काही हौशी मंडळी तर त्यावर सूर वाजवीत! शेजाऱ्यांना मात्र त्या सुरांचे कौतुक असण्याचे कारण नव्हते. १९७९ मध्ये तेथील फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने अशा उपकरणांवर मर्यादा घातली. तिच्यात न बसल्यामुळे या संगणकाचे पहिले मॉडेल १९८१ च्या आरंभी बंद करावे लागले.

ही मर्यादा केवढी? घरगुती उपकरणाला ३० ते ८८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, ३ मीटर अंतरावर, दर मीटरला १०० मायक्रोव्होल्ट. बॅटरीच्या सेलचा दाब दीड व्होल्ट असतो. त्याचा पंधरा हजारावा भाग म्हणजे १०० मायक्रोव्होल्ट. एवढी क्षीण कुजबुज मोजायची कोठे? मोकळ्या मैदानात मोजता येते आणि पूर्वी तसेच करीत. पण ८८ ते १०८ मेगाहर्ट्झमध्ये एफ.एम. केंद्रे गात असतात, शिवाय पोलिसांची बिनतारी यंत्रे आणि मोबाइल फोन आहेतच. भर बाजारात मुंगीच्या पावलांचा आवाज ऐकण्यासारखे हे काम!

म्हणून पत्र्याची बंद खोली बांधतात. बाहेरची लहर धातूवर आदळली, की त्यातील इलेक्ट्रॉन हलू लागतात आणि ती लहर परतवून लावतात. दार लावले, की आत मोबाइलला रेंज मिळत नाही. पण दाराची फट? येथे एक मौज आहे. फट किती रुंद यापेक्षा ती किती लांब याला महत्त्व असते. केसाएवढी बारीक, पण हातभर लांब फट लहरींना खुशाल वाट देते. म्हणून दाराच्या कडेला तांब्याच्या मिश्रधातूच्या लवचीक पट्ट्या दाटीने बसवतात. हवेसाठी मधाच्या पोळ्यासारखी धातूची जाळी असते. तिच्या अरुंद नळ्यांतून वारा जातो, पण लांब लहरी जात नाहीत. मायक्रोवेव्ह भट्टीच्या काचेमागची जाळी आठवा.

झाली का खोली तयार? मुळीच नाही. ती आता मैदानापेक्षाही वाईट झाली! सामान लावण्यापूर्वी नव्या घरात बोलले, की आवाज घुमतो ना? तशाच लहरी पत्र्यावरून उलटतात. शिखरावर शिखर आले तर लहर दुप्पट होते, शिखर दरीत पडले तर नाहीशी होते. सदोष उपकरण उत्तीर्ण व्हायचे आणि निर्दोष उपकरण नापास!

यावर उपाय म्हणून भिंतींना व छताला लहरी पिणारे अस्तर लावतात. कार्बन भरलेल्या फोमच्या सुळक्यांत शिरलेली लहर आत विरत जाते आणि तिची उष्णता होते. पण ३० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी १० मीटर. तिला पुरतील असे सुळके माणसाहून उंच करावे लागतील. तेथे फेराइटच्या फरशा उपयोगी पडतात. जाडी अवघी अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास, पण नेमक्या या लांब लहरी त्या उत्तम गिळतात.

जमीन मात्र मुद्दाम उघड्या धातूची ठेवतात. कारण मैदानातही जमिनीवरून लहर उलटतेच, आणि मर्यादा त्या परिस्थितीसाठीच ठरल्या आहेत. उपकरण ८० सेंटिमीटर उंच टेबलावर ठेवून फिरत्या चकतीवर सावकाश गोल फिरवतात आणि समोरचा अँटेना १ ते ४ मीटर वर-खाली करतात. सर्वांत मोठा आकडा सापडेपर्यंत हा खेळ चालतो; मोजणारे यंत्र व माणसे खोलीबाहेर असतात. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनमध्ये वाहनांच्या विद्युत् भागांची अशी तपासणी होते. मोटारीतले इलेक्ट्रॉनिक भाग एकमेकांच्या कामात ढवळाढवळ करू लागले तर काय होईल, याची कल्पना करा.

उपकरण नापास झाले, तर संशय बहुधा आधी तारेवर जातो, कारण लांब तार आपोआप अँटेना बनते. काही संगणकांच्या तारेवर, टोकाजवळ, सुपारीहून थोडी मोठी अशी एक गाठ असते. ती फोडून पाहू नका. आत त्याच फेराइटचे कडे आहे.