सामायिक कार्यालयीन इमारतीतील उपमीटर : मोजणी व वाटणी

भिवंडी परिसरातील वीजवितरण २००७ सालापासून महावितरणच्या वतीने टोरंट पॉवर ही फ्रँचायझी कंपनी पाहते. वितरणातील हानी शोधण्याची रीत सर्वत्र एकच आहे : रोहित्रावर आलेली वीज मोजायची, तिच्यातून ग्राहकांच्या मीटरांची बेरीज वजा करायची आणि उरलेल्या आकड्याचा माग काढायचा. ठाणे-भिवंडी मार्गावरील कशेळीसारख्या गोदामांच्या पट्ट्यात, एकाच जोडणीवर पाच-सहा कार्यालये चालणाऱ्या इमारतीसही हेच गणित लागू पडते. किंबहुना तेथे ते अधिक बोचते, कारण उरलेला आकडा कोणाच्या तरी खिशातून जातो.

क्षेत्रफळानुसार बिल वाटले की वातानुकूलन यंत्र चालविणारा आणि केवळ पंखा लावणारा सारखेच पैसे भरतो. म्हणून उपमीटर हवा, हे सर्वांना पटते. मात्र मीटर फक्त आपल्यातून जाणारा प्रवाह मोजतो. तो प्रवाह कोणाचा, हे वायरिंग ठरविते. जुन्या इमारतींत दोन खोल्यांचा न्यूट्रल एकत्र केलेला असणे नवलाचे नाही. आपल्याकडील अनेक एकफेजी इलेक्ट्रॉनिक मीटर चोरी रोखण्यासाठी फेज व न्यूट्रल या दोन्हींतील प्रवाह तपासून मोठा आकडा धरतात. परिणामी शेजाऱ्याचा परतीचा प्रवाह आपल्या न्यूट्रलमधून गेला, तर त्याची युनिटे आपल्या नावावर चढतात. मीटर निर्दोष, बिल मात्र अन्यायकारक!

यावर उपाय साधा आहे. परवानाधारक वीज-ठेकेदाराकडून एका कार्यालयाचा फक्त फेज बंद करवावा व शेजारच्यांची उपकरणे चालू ठेवावीत. त्या कार्यालयाचा मीटर तरीही लुकलुकत राहिला, तर न्यूट्रल वेगळा केल्यावाचून पुढे जाऊ नये. सीटी लावलेल्या त्रिफेजी मीटरबाबत दिशाही पाहावी. तिन्ही फेजांवर समान भार असता एक सीटी उलटी लागल्यास निव्वळ बेरीज करणारा मीटर खऱ्या वापराच्या एक-तृतीयांशच नोंद दाखवितो.

आता उरलेल्या आकड्याकडे वळू. समजा, मुख्य मीटरवर २,४०० युनिटे व उपमीटरांची बेरीज २,०५० आहे. उरलेली ३५० युनिटे म्हणजे पंप, जिना व पार्किंगचे दिवे, असे गृहीत धरून भागू नये. सामायिक भारालाही उपमीटर लावावा. त्यावर २९० आली, तर अनुत्तरित ६०, म्हणजे अडीच टक्के, उरतात. मीटरांची स्वीकार्य त्रुटी व नोंदी वेगवेगळ्या वेळी घेतल्याने पडणारा फरक यांत एवढे सामावू शकते. हेच ६० पुढील महिन्यात ३०० झाले, तर कोठेतरी मीटरला वळसा घातला आहे किंवा मीटर बिघडला आहे. सामायिक युनिटे कोणत्या प्रमाणात वाटावयाची, हे मात्र लेखी करारातच ठरवावे. स्थिर आकारासाठी मंजूर भार हा वापरापेक्षा न्याय्य निकष वाटतो.

कायद्याची मर्यादाही ध्यानी घ्यावी. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १२ नुसार परवान्याविना वीजवितरण वा व्यापार करता येत नाही. त्यामुळे उपमीटर खर्च वाटून घेण्यापुरताच; मालकाने त्यावर नफा लावणे धोक्याचे. कलम ४३ प्रमाणे मालक किंवा ताबेदार स्वतंत्र पुरवठ्यासाठी अर्ज करू शकतो. शक्य तेथे तोच मार्ग प्रथम पाहावा. तोवर मुख्य बिलाची प्रत दरमहा सूचना-फलकावर लावावी आणि सर्व नोंदी एकाच दिवशी, दोन भाडेकरूंसमक्ष घ्याव्यात.