निरपेक्ष सत्य (ख्रिस्ती दृष्टिकोन)

निरपेक्ष सत्य म्हणजे व्यक्ती, जात, देश किंवा काळ यांनुसार न बदलणारे आणि सर्वांना सारखेच लागू होणारे सत्य होय. ख्रिस्ती विचारानुसार या सत्याचे अधिष्ठान ईश्वर असून ते येशू ख्रिस्ताच्या रूपाने प्रकट झाले. त्यामुळे येथे सत्य हे केवळ विधानांपुरते मर्यादित राहत नाही, तर विश्वासाचा व आचरणाचा विषय ठरते.

== आवश्यकता ==

प्रत्येकाचे सत्य वेगळे मानल्यास मतभेदांचा निवाडा पुराव्याने न होता बळाने होतो आणि त्यात दुर्बलांची हानी होते. अस्पृश्यता अन्याय्य आहे, हे विधान ती पाळणाऱ्यावरही बंधनकारक असेल, तरच पीडिताला दाद मागता येते. सर्व माणसे एकाच ईश्वराची लेकरे आहेत, या श्रद्धेतून ख्रिस्ती विचारवंत अशा सामाईक सत्याची मांडणी करतात.

== सातारा व सांगली परिसर ==

कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. ख्रिस्त हेच अंतिम सत्य मानूनही त्यांनी संतपरंपरा त्याज्य ठरवली नाही. तुकोबांच्या अभंगांतून आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी त्यांची धारणा होती. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ते साताऱ्यास आले व तेथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तभक्त यांना एकत्र आणणे, हा त्याचा हेतू होता. सत्य एक असले, तरी त्यावर कोणत्याही संस्थेची मक्तेदारी नाही, हा विचार त्यामागे दिसतो.

आजच्या सांगली जिल्ह्यातील मिरज येथे डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिशनचे रुग्णालय सुरू केले. सत्याची साक्ष शब्दांइतकीच सेवेतूनही द्यावी, या ख्रिस्ती शिकवणीचे ते उदाहरण होय.

== तुलना ==

महात्मा जोतीराव फुले यांचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कटगुण. त्यांचा ‘सार्वजनिक सत्य धर्म पुस्तक’ हा ग्रंथ मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झाला. सत्य सर्वांचे असावे, हा आग्रह त्यातही आहे; मात्र फुले ते कोणत्याही एका धर्मग्रंथाशी बांधत नाहीत. एकाच कुटुंबातील माणसांनी निरनिराळे धर्म स्वीकारूनही प्रेमाने राहावे, अशी कल्पना त्यांनी मांडली.

== आक्षेप व उत्तर ==

निरपेक्ष सत्याचा दावा असहिष्णुतेला व सक्तीला जन्म देतो, हा यावरील प्रमुख आक्षेप आहे. इतिहासात त्याला आधारही सापडतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा काढून श्रद्धेच्या बाबतीत सक्ती अमान्य केली. सत्य पूर्ण असले, तरी माणसाचे ज्ञान अपूर्णच असते, असे संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातूनही सूचित होते. म्हणून निरपेक्ष सत्यावरील श्रद्धा आणि स्वतःच्या मताविषयीची नम्रता यांत विरोध नाही, असे अनेक ख्रिस्ती विचारवंत मानतात.